साडेचार ते साडेपाच

"तू चार वर्षांचा होतास," आई म्हणाली, "तेव्हा तुला शेजारी ठेवून मी गेले होते एकदा. आठवतं का रे तुला?" आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीत, टेबलावर, संगणक टुणटुण वाजला. दोनदा. मीटिंग सुरू झाल्याची खूण. घड्याळात साडेचार वाजले होते. माझी मीटिंग साडेपाचला असते. मी आईच्या पलंगाच्या कडेला बसलो होतो, तिची कपबशी माझ्या हातात होती, बशीत थोडा चहा सांडला होता, आणि जो प्रश्न मी पंचेचाळीस वर्षं विचारला नव्हता त्याचं उत्तर आपण होऊन माझ्याकडे चालत आलं होतं. मी काय करावं? मी म्हणालो, "एक मिनिट हं, आई." कपबशी स्टुलावर ठेवली आणि उठलो. अगदी शहाण्या मुलासारखा उठलो. दार ओढून घेतलं, खुर्चीवर बसलो, केसांवरून हात फिरवला आणि पडद्यावरच्या तेरा चेहऱ्यांकडे बघून हसलो. ते हसू आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. एक मिनिट म्हणालो होतो. परत आत आलो तेव्हा पावणेसहा झाले होते, खिडकीतलं ऊन गेलं होतं आणि आई भिंतीकडे तोंड करून पांघरुणाचा दोरा ओढत बसली होती. मी "आई" म्हणालो. तिने वळून बघितलं आणि विचारलं, "दूधवाले का?"

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, आणि सांगतानाच संताप येतो, कारण हे कसं होतं हे सगळ्या कचेरीत एकट्या मलाच नीट कळतं. तो माझा धंदाच आहे. आमची कंपनी लिफ्टचे नकाशे करते. एक कचेरी पश्चिमेकडे, आमच्यापासून नऊ तास मागे; तिथे गिऱ्हाइकं आहेत. एक पूर्वेकडे, तीन तास पुढे. तिथे दारं आणि दोर तयार होतात. आणि मध्ये आम्ही, नकाशे काढणारे. एकाच लिफ्टवर चौदा माणसं काम करतात आणि त्यांच्या तीन कचेऱ्यांच्या घड्याळांत कधीच एकसारखं वाजलेलं नसतं. या चौदा जणांना रोज एक तास एकत्र बसवायचं, हे माझं काम. माझ्या टेबलावर एक तक्ता आहे, मीच केलेला, तीन रकान्यांचा. मध्ये हिरवा पट्टा, म्हणजे कोणी झोपलेलं नाही अशी वेळ. तो पट्टा बोटभर रुंद आहे. पश्चिमेकडचे सकाळी साडेआठला येतात, तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच आणि पूर्वेकडच्यांचे रात्रीचे साडेआठ. नव्या माणसांना मी हे शिकवतो. आधी दिवस विचारा, मग तास विचारा. 'उद्या सकाळी' असं कधी लिहू नका, कोणाचं उद्या ते लिहा. आणि वर्षातून दोनदा सावध राहा. कारण पश्चिमेकडचे लोक उन्हाळा जवळ आला की एका रविवारी आपली घड्याळं एक तास पुढे करतात. आपण करत नाही. त्यांचे साडेआठ तेच राहतात, पण आपल्याकडे त्या क्षणी साडेपाच नाही, साडेचार वाजलेले असतात. जवळजवळ आठ महिने हे असंच चालतं. मग पुन्हा ते मागे सरकवतात. हे सगळं मी दर वर्षी एका मेलमध्ये लिहून चौदा जणांना पाठवतो. या वर्षीही पाठवलं होतं, आदल्या गुरुवारी. सोमवारपासून बैठक आपल्याकडे साडेचारला, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, खाली माझी सही. ती मेल चौदातल्या तेरा जणांनी वाचली. ज्याने लिहिली त्याने वाचली नव्हती.

गेल्या वर्षी साडेचार काय आणि साडेपाच काय, मला सारखंच होतं, कारण गेल्या वर्षी आई ठणठणीत होती. दिवाळखोर होतं ते फक्त तिचं चष्म्याचं खातं, कुठेही विसरायची. मग विसरणं चष्म्यावरून माणसांवर आलं. हिवाळ्यात ते इतकं वाढलं की डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे परतीचं नाही, वर्षभरात ती कोणालाच ओळखणार नाही, कदाचित त्याही आधी. मात्र एक गोष्ट त्यांनाही नवल वाटण्यासारखी होती. दुपारची झोप झाली, चहा घेतला, की साडेचारच्या सुमाराला आई जागेवर यायची. पूर्ण. डोळे स्वच्छ, बोलणं खणखणीत, टोमणेसुद्धा मारायची. मला छोट्या म्हणून हाक मारायची. माझ्या केसांचं आता काय शिल्लक राहिलंय ते बघायची आणि "वडिलांवर गेलास" म्हणायची. तासभर. साडेपाचला ऊन खिडकीच्या गजांवरून उतरलं की तीही उतरून जायची. का, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. म्हणाले, मिळतंय तोवर घ्या. मी घेतलं. साहेबांकडे जाऊन कामाची वेळ बदलून घेतली. सकाळी सातला येतो, सव्वातीनला निघतो, संध्याकाळची मीटिंग घरून करतो. चारला दहा कमी असताना घरी. मदतीला येणाऱ्या मावशी तोवर चहा ठेवतात. सगळं कसं काट्यावर बसवलं होतं. दिवसाचे चोवीस तास एका बाजूला आणि हा एक तास एका बाजूला, असं मी गेले चार महिने जगत होतो, आणि तो तास मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने, ठळक अक्षरांत देऊन टाकला.

मंगळवारी मी तयारीत होतो. म्हणजे तयारीत असून काही उपयोग नव्हता, पण चिडायला तरी तयार होतो. चारला बसलो तिच्याजवळ, तर ती अजून झोपेतच, चारवर वीस मिनिटांनी डोळे उघडले, मला "अहो" म्हणाली, चहा निम्मा घेतला, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ती येऊ लागली. मला ते दिसत होतं. भुवया जागेवर आल्या, ओठ मिटले. अजून पाच मिनिटं, अजून तीन. आणि टुणटुण. मी दार ओढून घेऊन खुर्चीवर बसलो. पश्चिमेकडच्या वरिष्ठाला मी मनात सकाळवाला म्हणतो, कारण त्याच्याकडे नेहमी सकाळ असते. हातात मोठा मग, ओले केस, मागे खिडकीत कोवळं ऊन. तो म्हणाला, काय सुंदर सकाळ आहे, आता संध्याकाळीही एक तास जास्त उजेड मिळेल, मुलाला घेऊन बागेत जाता येईल. पूर्वेकडची मुलगी म्हणाली, तिलाही बरं झालं, साडेआठच्या जागी साडेसातला बसायचं म्हणजे जेवण वेळेवर होतं. सगळे खूश. चौदातले तेरा खूश. आणि माझ्या पाठीमागच्या दारातून आईचा आवाज आला. तोच, खणखणीत. "छोट्या कुठे गेला?" मावशी काहीतरी म्हणाल्या. "कसली मीटिंग? या वेळेला?" मी म्यूटचं बटण दाबून बसलो होतो. त्या बटणामुळे माझा आवाज त्यांना ऐकू जात नव्हता, पण माझ्या घरातला प्रत्येक आवाज मला ऐकू येत होता. स्टूल सरकलं. बशी वाजली. "छोट्या," आई पुन्हा म्हणाली, आता जरा खालच्या आवाजात. आणि सकाळवाल्याने नेमकं तेव्हाच मला विचारलं की सातव्या मजल्यावरच्या दाराची रुंदी बदलली आहे का. मी म्यूट काढलं, म्हणालो, बदललेली नाही, पुन्हा म्यूट केलं. दार तसंच होतं. मी उठून तीन पावलं टाकली असती तर काय झालं असतं? आकाश कोसळलं असतं? पण मी नाही उठलो. कॅमेरा चालू होता. चालू कॅमेऱ्यासमोरून माणसाला उठता येत नाही, हे कोणी मला शिकवलं कोण जाणे.

वाट बघणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. चार वर्षांचा होतो तेव्हा आई एक दिवस मला शेजारच्या काकूंकडे सोडून गेली. सकाळी गेली. मला आठवते ती काकूंच्या जिन्याची दुसरी पायरी. तिचा एक कोपरा तुटलेला होता आणि त्यात आतली वीट दिसायची. त्या विटेत बोट घालून मी बसलो होतो. काकू दर थोड्या वेळाने येऊन सांगायच्या, "येईल हं एवढ्यात." दुपारी म्हणाल्या. ऊन जिन्यावरून खाली उतरलं तेव्हा म्हणाल्या. दिवे लागले तेव्हाही म्हणाल्या. "एवढ्यात" या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. त्यात वेळ नसते. आई दुसऱ्या दिवशी आली. हातात पिशवी होती, डोळे सुजलेले होते, मला उचलून घेतलं आणि वडिलांशी एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात गेली. कोणी काही बोललं नाही. वडील गेले, काकू गेल्या, मी एकोणपन्नास वर्षांचा झालो, तरी कोणी काही बोललं नाही. ती कुठे गेली होती? सोडून गेली होती का आम्हाला? परत का आली? माझ्यासाठी आली, की दुसरीकडे कुठे जमलं नाही म्हणून आली? मला कोणी विचारलं की एवढ्या तेवढ्यावरून डोकं का फिरतं तुझं, तर मला त्या पायरीपलीकडे उत्तर सापडत नाही. मी लग्न केलं नाही त्यालाही घरचे लोक ढीगभर कारणं सांगतात. मला एकच माहीत आहे. कोणी उशिरा आलं की मला सहन होत नाही. म्हणूनच कदाचित हे तक्ते, हे रकाने, चौदा माणसांना एका मिनिटाला आणून बसवायचा हा हट्ट. आणि त्या सोमवारी ती आपण होऊन सांगायला लागली होती. तुला शेजारी ठेवून मी गेले होते. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार असेच गेले. मी दाराच्या अलीकडे, ती पलीकडे. शनिवारी मीटिंग नसते. शनिवारी मी साडेतीनपासून तिच्या उशाशी बसलो, आणि आता मी जे सांगणार आहे त्याबद्दल मला कोणी क्षमा करू नये. तिचे डोळे स्वच्छ झाले, "छोट्या, आज घरी?" असं ती हसून म्हणाली, आणि मी तिला दोन शब्द बोलू न देता विचारलं, "तू कुठे गेली होतीस?" पाच दिवसांची धुसफूस त्या प्रश्नात होती. पाच दिवसांची कशाला, सगळी. पोलिसाने विचारावं तसं विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या आवाजाकडे बघितलं म्हणा, आणि तिचे ओठ मिटले. "कुठे जाणार मी," ती म्हणाली, "इथेच तर आहे." मग तासभर आम्ही खिडकीबाहेरच्या भिंतीवरच्या मांजराबद्दल बोललो. तिला माझी दया आली असावी, मला माझी लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी आणखी चिडतो. रविवारी पाचला ताईचा फोन आला. माझी बहीण पश्चिमेकडे असते, सकाळवाल्याच्याच देशात. अकरा वर्षं झाली, अजून फोन उचलला की पहिला प्रश्न, "तिकडे किती वाजले रे?" दर रविवारी तिच्या सकाळी नऊला फोन करायची, म्हणजे आमच्या सहाला, तोवर आई गेलेली असायची, दोन वाक्यांत फोन ठेवला जायचा. आता घड्याळ पुढे गेल्यामुळे तिचे नऊ आमच्या पाचला वाजले. तिला आई सापडली. पंचवीस मिनिटं दोघी हसत होत्या. ताई मला म्हणाली, "अरे, किती छान बोलली आज. तू उगीच घाबरवतोस आम्हाला." फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. या लोकांना उन्हाचा एक तास जास्त मिळाला. तो आला कुठून, असं कोणीच विचारत नाही. सूर्याने तर दिलेला नाही, तो आपल्या चालीने चालला आहे. बागेत पोरं खेळवायला, फोनवर हसायला, वेळेवर जेवायला प्रत्येकाला तासभर मिळाला होता, आणि तो सगळा तास माझ्या आईच्या पलंगाशेजारून उचलून नेलेला होता. वेड्यासारखा विचार आहे, मान्य आहे. पण हिशेब बरोबर जुळत होता.

दुसरा आठवडाही तसाच गेला. फरक एवढाच की आईने हाका मारणं कमी केलं. सोमवारी दोनदा, मंगळवारी एकदा. बुधवारी मी म्यूटवर कान देऊन बसलो, तर पलीकडून काहीच नाही. मीटिंग संपल्यावर मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, "नाही हो दादा, विचारलं नाही आज. दाराकडे बघत होत्या. मी म्हटलं मीटिंग आहे, तर म्हणाल्या, हो, असते." असते. ज्या बाईला सकाळी स्वतःचं नाव आठवत नाही तिला माझी मीटिंग पाठ झाली होती. दुसऱ्या शनिवारी ती सहापर्यंत झोपूनच राहिली, रविवारी पुन्हा ताई. तिसऱ्या मंगळवारी मात्र माझी सहनशक्ती संपली आणि मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं. मी सांगितलं की साडेचारची वेळ मला जमत नाही. आईचं कारण सांगितलं नाही. ते कोणाच्या टेबलावर फाइलीसारखं ठेवायला माझी जीभ वळेना. नुसतं म्हणालो, घरी अडचण आहे. साहेब म्हणाले, एका तासाचं काय एवढं, उलट लवकर मोकळा होतोस. मी म्हणालो, प्रश्न एका तासाचा नाही, प्रश्न हा आहे की दर वर्षी सरकायचं ते आपणच का. त्यांनी आपल्या मर्जीने काटे फिरवायचे आणि आपण आपली दुपार उचलून त्यांच्या सकाळीखाली सारायची. माझा आवाज चढला होता. बाहेरच्या टेबलांवरची टकटक थांबली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, "अरे, पण मीटिंग कोणाच्या घड्याळावर लावलीय, ते तूच बघतोस ना?" मी म्हणालो, "ती त्यांच्याच घड्याळावर असते." साहेब म्हणाले, "कोणी ठरवलं?" त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

मी माझ्या टेबलावर येऊन ती नोंद उघडली. रोज दिसते ती, पण आत जाऊन कोण बघतो. सगळ्यात खाली एक लहानशी चौकट आहे: ही बैठक कोणत्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे चालेल. तिथे त्यांच्या शहराचं नाव होतं. त्याखाली, बैठक लावणारा: मी. तारीख दोन वर्षांपूर्वीची. आणि मला तो दिवस आठवला. कोणी सांगितलं नव्हतं. सकाळवाल्याने नाही, साहेबांनी नाही. नोंद तयार करताना त्या चौकटीत आमच्याच शहराचं नाव आपोआप आलेलं होतं, संगणकाने बिचाऱ्याने बरोबरच भरलं होतं. मी ते खोडलं. मुद्दाम यादी उघडली, खाली सरकत गेलो, त्यांचं शहर शोधलं आणि निवडलं. का? त्यांना बरं वाटेल म्हणून. पाहुण्याला आपली खुर्ची देतात तसं. पाहुण्याने मागितलीही नव्हती, तो उभाही नव्हता, तो त्याच्या घरात त्याच्या खुर्चीत बसलेला होता, आणि मी इथे आपली खुर्ची रिकामी करून हात जोडून उभा. मी दोन वर्षं प्रत्येक मेलमध्ये आधी त्यांची वेळ लिहीत आलो, मग आपली. नव्या पोरांनाही तसंच शिकवलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तेव्हा गेली, आणि गेल्यावर तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. सरकारं, साहेब, सकाळवाला, ताई, सूर्य, सगळ्यांना मी सोळा दिवस शिव्या घातल्या होत्या. त्यातल्या एकाचाही यात हात नव्हता. मी यादी उघडली, आमचं शहर निवडलं, साडेपाच लिहिलं आणि बटण दाबलं. तीन सेकंद लागले. मी मोजले नाहीत, पण चौथं लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासूनचा बदल चौदा जणांना आपोआप गेला, पण त्या दिवशीची बैठक मी जुन्याच वेळेला घेतली, कारण मला भांडायचं होतं. समोरासमोर. कचेरीतच थांबलो, घरी गेलो नाही. त्या मंगळवारचा तासही असा घालवला, हेही लिहून ठेवतो. साडेचारला सगळे जमले. मी बोलायला सुरुवात केली. म्हणालो, उद्यापासून ही बैठक आमच्या घड्याळावर चालेल, साडेपाचला, बारा महिने. तुम्ही तुमचे काटे पुढे करा, मागे करा, काय हवं ते करा, सरकायचं ते तुम्ही सरका. तुमच्या सकाळचे साडेनऊ होतील, पूर्वेकडे रात्रीचे साडेआठ होतील, मला माहीत आहे, तक्ता मीच केलाय. आणि मग, जे साहेबांना सांगितलं नव्हतं ते, परक्या भाषेत, चुकतमाकत, तेरा जणांना एकदम सांगितलं. माझ्या आईला दिवसातून एक तास मी आठवतो, तो हा आहे. मी मुठी आवळून बसलो होतो. पूर्वेकडची मुलगी म्हणाली, तिचं काही नाही, इतके महिने साडेआठच होते. सकाळवाल्याने हातातला मग खाली ठेवला. साडेनऊला त्याची दुसरी बैठक असते, ती हलवेन, म्हणाला. मग माझ्याकडे बघून, अगदी मनापासून, त्याने विचारलं, "पण तू आधी का नाही सांगितलंस?" मी भांडायला आलो होतो. माझ्याकडे सोळा दिवसांची सामग्री तयार होती, एकेक वाक्य घासून ठेवलेलं. ते सगळं तसंच राहिलं. अर्ध्या मिनिटात त्यांनी मला तास परत दिला, जसा काही तो त्यांच्याकडे चुकून राहिला होता. त्यांनी नकार दिला असता तर मी त्यांना जन्मभर शिव्या घातल्या असत्या आणि सुखी राहिलो असतो. मी मान हलवली. सातव्या मजल्याच्या दाराचं काम पुढे चालू झालं.

बुधवारी चारला दहा कमी असताना मी घरी होतो. मावशींनी चहा ठेवला होता. आईला चारनंतर जाग आली, तिला तक्क्याला टेकवून बसवलं, मी पलंगाच्या कडेला बसलो. ठरवलं होतं की काहीही विचारायचं नाही. सांगितलं तर सांगितलं, नाहीतर मांजर. साडेचार वाजले. बाहेर संगणक वाजला नाही. माझे खांदे ताठ झाले होते ते खाली आले. आईने कप ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे स्वच्छ होते, हे मी शपथेवर सांगेन. संध्याकाळचे धुकट डोळे मला ओळखता येतात. ते हे नव्हते. तिने पांघरूण सारखं केलं, केसांवरून हात फिरवला. "असे कडेला का बसलात?" ती म्हणाली. "नीट बसा ना. मुलगा येईल माझा एवढ्यात. या वेळेला मीटिंग असते त्याची." मावशी दारात कपबशी न्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आजी, अहो हेच तर—" मी हाताने त्यांना थांबवलं. का थांबवलं? मला वाटलं, अजून वेळ आहे, येईल ती जागेवर. मी म्हणालो, "त्याच्याकडेच आलोय मी." आई म्हणाली, "माझंही त्याच्याशी काम आहे. एक सांगायचं राहून गेलंय त्याला. लहान होता तेव्हाचं." मी म्हणालो, "मला सांगा. मी सांगतो त्याला." तिने माझ्याकडे नीट बघितलं, तोलून मापून, आणि परक्या माणसाकडे बघून हसतात तशी हसली. "नाही हो. ते त्याचं आहे. त्यालाच सांगेन."

मग आम्ही दोघं बसून राहिलो. ऊन गजांवरून एकेक करत खाली येत होतं. ती दाराकडे बघत होती, मी तिच्याकडे. दार मीच ओढून घेतलं होतं आत येताना, सवयीने. मधे एकदा तिने माझ्या हातावर थोपटलं, मला कंटाळा आला असेल असं वाटून, आणि म्हणाली, "येईलच." पाच वाजले. सव्वापाच वाजले. माझ्या आत जे काही उकळत होतं ते आता कोणावर ओतायचं हे मला स्पष्ट कळलं होतं. समजतो कोण हा मुलगा स्वतःला? म्हातारी आई तासभर शुद्धीवर असते, डोळे दाराला लावून बसते, आणि हा तीन पावलांवर बसून दारांच्या रुंद्या सांगतो. असल्या माणसाला कोणी काही सांगूच नये. तो आत्ता समोर आला असता तर मी त्याच्या मुस्कटात मारली असती. साडेपाचला बाहेर संगणक वाजला. टुणटुण, दोनदा. आईचा चेहरा उजळला. "ऐकलंत ना?" ती मला म्हणाली. "तिथेच आहे तो." आणि बंद दाराकडे तोंड करून तिने हाक मारली, "छोट्या." खणखणीत आवाजात. मी ओ दिली नाही. दाराकडे बघत राहिलो. मलाही बघायचंच होतं, उठतो का तो.